मापाचा फोन

२०२४ च्या दिवाळीआधीचा आठवडा. लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनची आवक जोरात, आडत दुकानांपुढं कट्ट्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या, थप्प्या रस्त्यापर्यंत आलेल्या. दुपारी मुनीमकाकांचा फोन आला.

"पोरी, कट्टे दिसलालेत, वजन कुठं गेलं ग?"

मी म्हटलं, काका, पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या चिठ्ठीचा, फोटो पाठवा. फोटो आला. शेतकऱ्याचं नाव बरोबर, गाव बरोबर, कट्टे ३७. वजन ०.००. रक्कम ०.००. हमाली मात्र व्यवस्थित कापलेली, कारण त्या दुकानात ती कट्ट्यावर लागते. म्हणजे माझ्या ॲपच्या हिशोबानं त्या माणसाचं सदतीस कट्टे सोयाबीन गेलंच, वर त्यालाच दुकानाचं देणं निघत होतं. काकांनी ती पट्टी त्याच्या हातात दिली नाही, कार्बन लावून हातानं दुसरी लिहिली. पण रांगेत उभ्या असलेल्या लोकांनी ती पाहिली होती, आणि यार्डात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही.

मी आडत दुकानांसाठी ॲप बनवते. माल आला की नोंद, सौदा झाला की भाव, वजन झालं की पट्टी, आणि ती पट्टी कमरेला लावायच्या छोट्या ब्लूटूथ प्रिंटरवर छापून शेतकऱ्याच्या हातात. पुण्यात सहा वर्षं नोकरी करून गावी परत आल्यावर हे काम सुरू केलं. त्या दिवशी माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, काकांच्या फोनमध्येच काहीतरी आहे. फोन जुना, स्वस्तातला, वर कसल्या कसल्या थीम टाकलेल्या. माझ्याकडे तपासणीसाठी चांगला फोन होता, त्यावर तीच नोंद केली. कट्टे ३७, वजन २२.४० क्विंटल, रक्कम बरोबर. झालं, मी काकांना सांगून टाकलं की दोष तुमच्या फोनचा आहे.

मी चूक होते. पण ते कळायला दोन दिवस गेले, आणि या दोन दिवसांमुळे मला तपासणीचा फोन कसा असावा याबद्दल आधी कधी केला नव्हता इतका विचार करावा लागला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानात जाऊन बसले. काकांचा फोन हातात घेतला आणि पहिल्यांदा लक्षात आलं की त्यांचा फोन पूर्ण मराठीत आहे. सेटिंग्ज मराठीत, घड्याळाचे आकडे मराठीत. माझा तपासणीचा फोन इंग्रजीत होता. कधीकधी मी हिंदीत करून बघायची आणि समजायची की भारतीय भाषांचं काम झालं. तिथंच खुर्चीवर बसून माझा फोन मराठीत केला, नोंद केली, पट्टी काढली. वजन ०.००.

काय होत होतं ते नीट सांगते, कारण मराठीत ॲप बनवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येणार आहे. फोनची भाषा मराठी असली की स्ट्रिंग डॉट फॉरमॅट, म्हणजे आकड्याची अक्षरं करून देणारं फंक्शन, वापरून काढलेला आकडा देवनागरी अंकांत येतो. हिंदीत तसं होत नाही. भाषांच्या सवयींचं जे जागतिक कोष्टक अँड्रॉइड वापरतं, त्यात मराठीचे मूळ अंक देवनागरी धरलेत आणि हिंदीचे इंग्रजी. म्हणून माझी हिंदीतली तपासणी कायम पास व्हायची. माझा कोड वजन आधी अक्षरांत साठवायचा आणि हिशोबाच्या वेळी परत आकड्यात आणायचा. आता गंमत अशी की, पूर्णांक वाचणारं फंक्शन देवनागरी अंक ओळखतं, "३७" दिलं की ३७ मिळतात. दशांश वाचणारं ओळखत नाही, "२२.४०" दिलं की ते हात वर करतं. आणि मी लिहून ठेवलं होतं की वाचता आलं नाही तर शून्य धर. कट्टे पूर्णांक, म्हणून वाचले. वजन दशांशात, म्हणून गेलं.

दुरुस्ती एका ओळीची होती: यंत्रासाठी आकडा लिहिताना भाषा ठरवून द्यायची, माणसाला दाखवताना मराठी. आणि "वाचता आलं नाही तर शून्य" हे माझ्या कोडमधून मी कायमचं काढून टाकलं. पैशाच्या हिशोबात शून्य हे उत्तर होऊच शकत नाही, तिथं ॲपनं थांबून विचारलं पाहिजे.

माझे वडील याच यार्डात मापाडी होते. इलेक्ट्रॉनिक काटे यायच्या आधी पलड्याचे काटे होते आणि लोखंडी वजनं. लहानपणी मला त्या वजनांच्या बुडाखालची शिशाची गोळी बघायला फार आवडायची. वजन ओतताना खाली एक भोक ठेवतात, त्यात शिसं भरून वजन अचूक करतात आणि त्या शिशावर वैधमापनचा शिक्का मारतात. वडिलांकडं एक वजन होतं ते रोजच्या मोजणीत वापरायचे नाहीत. फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायचे. शेतकऱ्यानं "काटा मारला" असा आवाज काढला की ते वजन बाहेर यायचं, पलड्यात टाकायचं, काटा बरोबर आहे की नाही ते सगळ्यांसमोर. बरोबर असेल तर भांडण तिथंच मिटायचं. नसेल तर काटा बदलायचा.

तपासणीच्या फोनचं, ज्याला रेफरन्स फोन म्हणतात त्याचं, काम हेच आहे. पट्टी चुकली, ॲप बंद पडलं, अक्षरं फुटली, तर चूक माझ्या कोडची की समोरच्या फोनची, हा निवाडा त्यानं द्यायचा. तो सगळ्यात वेगवान असण्याची गरज नाही, त्याचा कॅमेरा चांगला असण्याची तर अजिबातच नाही. त्याचं वागणं लिहिलेल्या नियमाप्रमाणं असलं पाहिजे आणि ते मला पूर्ण माहीत असलं पाहिजे. माझं वजन बरोबर होतं, पण मी ते दुसऱ्याच पलड्यात टाकत होते. इंग्रजीत ठेवलेल्या फोननं मराठी पट्टीचा निवाडा होत नाही.

अँड्रॉइडच्या जगात ही गरज पहिल्यापासून आहे. डिसेंबर २००८ मध्येच गूगलनं ३९९ डॉलरला अँड्रॉइड डेव्ह फोन १ विकायला काढला होता, तो खास ॲप बनवणाऱ्यांसाठीच. मग जानेवारी २०१० मध्ये नेक्सस वन आला, तो एचटीसीनं बनवलेला. नेक्ससमागची कल्पना मला आजही पटते: वेगवेगळ्या कंपन्या फोन बनवणार, पण आतलं अँड्रॉइड गूगलचं, वरून काही न थापलेलं. माझा पहिला तपासणीचा फोन नेक्सस ५, एलजीनं बनवलेला, २०१३ चा. पुण्यातल्या ऑफिसात तो टीममधल्या चौघांत फिरायचा. २०१६ पासून गूगलचेच पिक्सेल आले. मधल्या काळात, सप्टेंबर २०१४ मध्ये, गूगलनं अँड्रॉइड वनची सुरुवात भारतातूनच केली होती: मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस, एक जीबी रॅम, किंमत साडेसहा हजारांच्या आत. शुद्ध अँड्रॉइड आणि गरिबाच्या खिशातला फोन हे दोन्ही एकाच ठिकाणी आलं होतं. माझ्यासारखीला तोच खरा रेफरन्स फोन वाटतो, आणि तो प्रकार टिकला नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सध्या माझ्याकडे पिक्सेल ८ए आहे. मे २०२४ मध्ये भारतात आला तेव्हा किंमत ५२,९९९ होती. लातुरात बसून एका फोनला एवढे पैसे घालताना हात थरथरतो, म्हणून का घातले ते सांगते.

पहिलं, सात वर्षं अपडेट. तपासणीचा फोन दोन वर्षांत जुन्या आवृत्तीवर अडकला तर तो निवाडा कशाचा देणार?

दुसरं, तो मला हवा तेव्हा कोरा करता येतो. गूगल या फोनच्या सिस्टिमच्या प्रत्येक आवृत्तीची मूळ प्रत नेटवर ठेवतं. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं कुलूप, उघडला, केबल लावली, की फोन दुकानातून आणल्यासारखा. बूटलोडर उघडताना आतलं सगळं पुसलं जातं, पण तपासणीच्या फोनवर पुसण्यासारखं काही असूच नये. माझ्या फोनवर माझं सिमही नाही. व्हॉट्सॲप नाही. घरच्यांचे फोटो नाहीत. ज्या दिवशी तो माझा स्वतःचा फोन होईल त्या दिवसापासून त्यात काय काय शिरलंय हे मला सांगता येणार नाही.

तिसरं कारण मी घेताना मला माहीतही नव्हतं. गूगल प्लेनं नियम केला की १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढचं लक्ष्य धरून येणारं ॲप १६ केबीच्या मेमरी पानांवर चाललं पाहिजे. सिस्टिम मेमरीचे सारखे तुकडे करून वापरते, त्या एका तुकड्याला पान म्हणतात. वर्षानुवर्षं हे पान ४ केबीचं होतं. नुसत्या कोटलिनमध्ये, म्हणजे अँड्रॉइड ॲपच्या नेहमीच्या भाषेत, लिहिलेल्या ॲपला याचा त्रास नाही, पण आत सी किंवा सी++ मध्ये बांधलेली लायब्ररी असेल तर ती नव्यानं बांधावी लागते. माझ्या ॲपमध्ये दुकानाचा हिशोब कुलूपबंद ठेवणारी डेटाबेसची लायब्ररी तशीच होती, आणि जुनी. पिक्सेल ८ए वर डेव्हलपर ऑप्शनमधून, म्हणजे सेटिंग्जमधल्या ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या लपलेल्या भागातून, १६ केबीवर फोन सुरू करायची सोय आहे. केला, ॲप उघडलं, उघडताक्षणी बंद. हे माझ्या टेबलावर कळलं. यार्डात कळलं असतं तर मुनीमकाकांचा आवाज यावेळी वेगळा असता.

आता उलटी बाजू. दुसऱ्या एका दुकानातून तक्रार यायची की, दुपारच्या नोंदी सर्व्हरवर जातच नाहीत, संध्याकाळी ॲप उघडलं की एकदम जातात. मराठीचा धडा ताजा होता, म्हणून यावेळी आधी स्वतःवरच संशय घेतला. तपासणीच्या फोनवर सगळी परिस्थिती तशीच उभी केली: मराठी भाषा, चार्जर काढलेला, स्क्रीन बंद, टेबलावर पडून. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, असा पडून राहिलेला फोन डोझमध्ये जातो आणि मागची कामं ठरावीक अंतरानंच करू देतो. वाट बघायची नसेल तर एडीबीवरून, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा द्यायच्या साधनानं, आज्ञा देऊन त्याला जबरदस्तीनं झोपवता येतं. झोपवलं. नोंदी उशिरा गेल्या, पण गेल्या. कागदोपत्री नियम जसा आहे तसंच वागणं.

दुकानातल्या फोनवर जातच नव्हत्या. त्या कंपनीनं बॅटरी वाचवायला स्वतःचा वेगळा कायदा केला होता: ॲप स्क्रीनवरून बाजूला सारलं की मारून टाकायचं. हे माझ्या कोडनं दुरुस्त होणारं नव्हतंच. मी जाऊन सेटिंग्जमध्ये ऑटोस्टार्ट चालू केलं, बॅटरीचं बंधन काढलं, आणि ॲपमध्येच मराठीतून तीन चित्रं टाकली की हे कुठं सापडतं. तपासणीचा फोन नसता तर मी पंधरा दिवस स्वतःचा चांगला कोड उकरत बसले असते.

अक्षरांचंही असंच. एका फोनवर "शेतकऱ्याचे नाव" यातला ऱ्य फुटून र, हलन्त आणि य असे सुटे दिसत. मराठीतला हा पापणीसारखा अर्धा र हिंदीत लागत नाही, त्यामुळे सजावटीचे फॉन्ट बनवणारे तो बऱ्याचदा विसरतात. पिक्सेलवर तो स्वच्छ दिसला, म्हणजे दोष त्या थीमच्या फॉन्टचा. तेव्हापासून मी फॉन्ट ॲपच्या आतच भरून देते. पट्टीसाठी तर तो लागतोच. त्या छोट्या प्रिंटरला देवनागरी येत नाही, म्हणून मी सगळी पट्टी आधी ३८४ ठिपके रुंदीचं चित्र म्हणून काढते आणि ते चित्र प्रिंटरला पाठवते. पण याच पापणीसारख्या र नं मला दुसरीकडं पकडलं आणि तिथं दोष माझाच निघाला. तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक खास ऱ वापरून, एक साध्या र ला न दिसणारा जोडक लावून. डोळ्यांना सारखाच दिसतो, शोधताना वेगळा. एका कीबोर्डवर नोंदवलेले कुऱ्हाडे दुसऱ्या कीबोर्डवरून सापडत नव्हते, आणि हे पिक्सेलवरही तसंच घडत होतं. निवाडा स्पष्ट होता. आता नोंद करतानाच मी दोन्ही एका रूपात आणते.

एक गोष्ट मात्र हा फोन करू शकत नाही. तो फार चांगला आहे. ८ जीबी रॅम, वेगवान स्टोरेज. हंगामातल्या अकरा हजार नोंदींची यादी त्याच्यावर पापणी लवायच्या आत उघडते. मुनीमकाकांच्या ३ जीबीच्या फोनवर तीच यादी उघडायला मी मोजून चार सेकंद धरले होते, आणि समोर शेतकरी, मागं हमाल, कानाला खरेदीदार असताना चार सेकंद फार असतात. म्हणून काकांनी नवा फोन घेतल्यावर त्यांचा जुना मी विकत मागून घेतला. काच तडकलेली, चार्जिंगच्या भोकात सोयाबीनची धूळ. रोज कोड लिहिताना मी केबल त्याच फोनला लावते. नवीन स्क्रीन बनवली की आधी त्याच्यावर बघते, अक्षराचा आकार सगळ्यात मोठा करून, कारण काकांचा तसाच असतो. मे महिन्यात एकदा दुपारी दोन वाजता यार्डातल्या शेडबाहेर उभं राहून बघते की उन्हात भाव वाचता येतो का. फिक्या करड्या रंगावरची बारीक अक्षरं मी तिथंच सोडून दिली, ऑफिसात ती फार सुंदर दिसायची.

हा फोन मी रेफरन्स म्हणत नाही. तो रोजचा काटा. पिक्सेल पेटीत असतो, भाषा मराठी, भांडण झालं की बाहेर येतो. काही मित्र म्हणतात की एकाच मधल्या फोनवर दोन्ही कामं भागवावीत. मला ते पटत नाही. मधला फोन हळू चालला तर मी हळू कोड लिहिला की फोन हळू आहे, ते कळत नाही, आणि काही बंद पडलं तर नियम मोडला कुणी तेही कळत नाही.

आयफोनचं मी इथं बोलत नाही. माझ्या गिऱ्हाइकांत तो नाही, आणि तिथं फोन नि सिस्टिम एकाच घरची असल्यानं हा निवाड्याचा प्रश्न एवढा छळतही नाही.

मागच्या महिन्यात इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका मुलीनं विचारलं, "ताई, पन्नास हजार कुठून आणू?" रास्त प्रश्न आहे. तिला सांगितलं ते इथं लिहून ठेवते. सुरुवात इम्युलेटरनं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नकली फोननं, कर. त्यात गूगलचंच अँड्रॉइड चालतं, फुकट आहे, भाषा मराठी करून ठेव. माझी वजनाची चूक त्यावरही सापडली असती. ब्लूटूथ प्रिंटर, तापलेला फोन, खरी बॅटरी हे त्यात मिळणार नाही. त्यासाठी तिघी-चौघींनी मिळून एक जुना पिक्सेल घ्या, वापरलेला चालेल, पण त्याला अजून काही वर्षं अपडेट मिळणार आहेत हे मॉडेलवरून बघून. दुकानात पैसे द्यायच्या आधी दुकानदारासमोरच अबाउट फोनमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मार, डेव्हलपर ऑप्शन उघडतील. त्यात ओईएम अनलॉकिंग शोध, बूटलोडर उघडायची परवानगी तिथं असते. ते करडं दिसलं तर आधी फोन नेटला जोडून परत बघ, कारण काही वेळा नेटवरून खात्री झाल्याशिवाय ते उघडत नाही. तरीही करडंच राहिलं तर तो बाहेरच्या देशातल्या कुठल्यातरी नेटवर्कनं बांधून ठेवलेला असू शकतो. तो कितीही स्वस्त मिळाला तरी परत ठेव आणि दुसरा दाखवायला सांग.